हिराबाईची वीज

नात झाली त्या दिवशी हिराबाईनं आधी काय केलं असेल, तर मुलाला आणि सुनेला बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पेढे नंतर. बाळाचं तोंड नीट बघणंसुद्धा नंतर. लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई सहज म्हणून गेल्या होत्या, की बाळ पोटात उलटं आहे, पाय खाली आहेत, सिझर करावं लागेल. त्यांच्या लेखी तो रोजचा मामला. पण ते ऐकलं आणि हिराबाई बाकड्यावर बसली ती उठेचना.

"पोरीचे पाय खाली व्हते हे कुनाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "गावात कुनाला कळता कामा न्हाई. घ्या शपथ."

धम्मदीप हसला. तो तळेगावच्या कंपनीत सुपरवायझर, जयंतीला विहारात विज्ञाननिष्ठेवर भाषण करणारा. "अगं आई, पोट फाडून काढलंय तिला. पाय आधी आला का डोकं, ते डॉक्टरलाच माहीत."

"पाय खाली व्हते ना? मग झालं."

शेवटी समीक्षानं, सुनेनं, टाके ओले असताना हात ठेवला. सासूच्या डोळ्यांतली भीती तिला बघवेना म्हणून ठेवला. तिच्यामागून धम्मदीपनंही ठेवला. खरं तर ही शपथ सगळ्यात जड जाणार होती ती हिराबाईलाच.

कारण हिराबाई स्वतः पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेली. असं माणूस जन्माला आलं की गावाच्या दोन गोष्टी ठरलेल्या. कंबरेत उसण भरली की पालथं पडायचं आणि पायाळूचा पाय लावून घ्यायचा, उसण पळते. आणि आभाळ कडाडायला लागलं की पायाळूपासून लांब व्हायचं, कारण वीज त्यालाच शोधत येते. म्हणजे ऊन आहे तोवर पाय पाहिजे, ढग आले की माणूस नको. आणि हे दोन्ही एकाच तोंडानं बोलताना कुणाला कधी लाज वाटली नाही, हे एक नवलच.

हिराबाईचं माहेर परंदवडी. बाप भिकाजी छप्पन सालात दीक्षा घेतलेला, कडक माणूस. घरातले देव टोपलीत घालून त्यानं पवनेला सोडून दिले, अंगारे-धुपारे बंद केले, गावकीची कामं टाकली. पण पोरगी झाली आणि सुईण ओरडली, "पायाळू गं बाई!" ते काही त्याला नदीत सोडता आलं नाही. देव टोपलीत मावले, ही समजूत मावेना.

पोर जरा मोठी झाली तशी वरच्या आळीतली माणसं वस्तीत यायला लागली. पहिला आला दत्तोबा, गावातला मोठा खातेदार. ज्याच्या ओट्याला हिराच्या आईनं टेकू नये, जिला पाणी वरून ओंजळीत मिळावं, त्या बाईच्या अंगणात दत्तोबा गोधडीवर पालथा पडला आणि म्हणाला, "लाव पोरी पाय. डावा लाव. चांगला जोरात." हिरानं पाय लावला. दत्तोबा उठला, कंबर इकडून तिकडं वळवून बघितली. "आयला, गेली की!" असं म्हणून त्यानं हिराच्या हातावर गुळाचा खडा टाकला, हाताला हात लागू न देता. भिकाजी दारातून बघत होता. त्याला राग आला का बरं वाटलं, त्याचं त्यालाच कळलं नसेल. हिराला मात्र फार बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि आपल्या पायाखाली! ते बरं वाटणं ती जन्मभर विसरली नाही, आणि सगळा घात तिथंच झाला.

पुढच्या वैशाखात पोरं करवंदं तोडायला माळावर गेली. वरच्या आळीतली आणि वस्तीतली, मिळून. पोरांना तेवढी मुभा असते. वळवाचं आभाळ बघता बघता काळं झालं, वारं सुटलं, आणि सगळी पळत एका जुन्या आंब्याखाली शिरली. हिराही शिरली. पहिला गडगडाट झाला आणि दत्तोबाचा थोरला, हनुमंत, ओरडला, "हिरे, तू भाईर हो! तुझ्यापायी आमच्यावर पडंल!" दोघातिघांनी मिळून तिला ढकललं. ती रडत लांब गेली आणि एका खळग्यात गुडघ्यात डोकं घालून उकिडवी बसली. वीज आली ती आंब्यावर. हनुमंत जागच्या जागी गेला. बाकीची पोरं भाजली पण वाचली. हिराच्या केसाला धक्का लागला नाही.

आता कुणीही म्हणेल, पायाळू बाहेर आणि वीज आत, म्हणजे सगळी समजूतच खोटी. डोंबल! गाव म्हणालं, वीज हिलाच न्यायला आलती, ही सापडली न्हाई म्हणून पोराला घेऊन गेली. हनुमंतची आई वस्तीत येऊन ऊर बडवून तेच ओरडली. भिकाजी सांगत राहिला, "अवो, माझी पोर तितं नव्हतीच. तुमच्याच पोरांनी हाकलली तिला." पण त्याचं ऐकतो कोण? असल्या भाकिताला मरण नसतं. वीज पडली तर खरं झालं, नाही पडली तर अजून वेळ आली नाही. हळूहळू हिरालाही तेच पटलं. आपल्या वाटणीचं मरण हनुमंतच्या अंगावर गेलं, असं ती धरून बसली. आपल्याला ढकललं म्हणून आपण वाचलो, ही साधी गोष्ट तिच्या मनात कधी आलीच नाही.

लग्न होऊन ती कुसगावला आली. नवरा मिलिंद एका बंगल्यावर माळी होता, स्वभावानं गरीब. इथं कुणाला काही ठाऊक नव्हतं, दोन-तीन वर्षं बरी गेली. मग दत्तोबानं आपली धाकटी लेक रतन कुसगावातच दिली. हनुमंतची बहीण. नव्या नवरीच्या हातची हळद उतरायच्या आत हिराची सगळी कथा गावभर झाली.

तेव्हापासून हिराला भाताच्या आवणीला, रोपं लावायला, कुणी बोलवेना. खरं तर आषाढाच्या झडीत वीज कडाडत नाही, ती कडाडते वळवाला आणि परतीच्या पावसाला. मावळातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण हिरा बांधावर दिसली की बाया म्हणायच्या, "नको बाई, आमच्या रांगंत नको." शेवटी ती बंगल्यांवर झाडलोट, धुणंभांडी करायला जाऊ लागली. मग त्याच बाया म्हणाल्या, "हिरीला मेलीला चिखलातलं काम नको, सावलीतलं पायजे." आधी रांगेतून काढायचं, आणि मग रांगेत नाही म्हणून नावं ठेवायची. काय बोलणार अशांना!

आणि उसण भरली की हीच घरं दारात. रतनबाईचा मुलगा राजेंद्र सुद्धा. फाट्यावर त्याची वडापावची टपरी, दिवसभर वाकून उभा, त्याची कंबर सारखी धरायची. हिराबाई कधी नाही म्हणाली नाही. ते बरं वाटणं अजून जिवंत होतं ना.

एक सवय मात्र तिला लागली. आभाळ वाजलं की ती आपणहून उठायची. लग्नाचा मांडव असो, एसटीचा थांबा असो, कुणी काही म्हणायच्या आत पदर डोक्यावर घेऊन बाहेर. हाकलून घेण्यापेक्षा उठून जाणं बरं, असा तिचा हिशेब. एका बुद्धपौर्णिमेला विहारात धम्मदीपचं भाषण चालू होतं, अंधश्रद्धा गाडून टाका, वगैरे. ढग गडगडला. धम्मदीपनं समोर बघितलं तर आईची जागा रिकामी. ती बाहेर पावसात पायरीखाली बसली होती. तो बोलायचा थांबला, पाणी प्यायला, आणि पुढं त्याला एक वाक्य धड जुळवता आलं नाही.

साठी उलटली तरी वीज आली नाही. मिलिंद गेला तो काविळीनं, विजेनं नव्हे. हिराबाई एकदा सुनेपाशी म्हणाली, "माझी येळ अजून यायची हाय." समीक्षा पटकन म्हणाली, "आई, आंब्याखालून हाकललं म्हणून तर तुम्ही वाचलात. तुमच्या लक्षात कसं येत नाही?" क्षणभर हिराबाईच्या मनात काहीतरी हललं असावं. मग ती उठून भाकरी थापायला गेली.

तर अशा बाईच्या घरात ही नात, तेजल, वाढत होती. आपलं जे झालं ते झालं, या पोरीला पायाळू हा शब्द चिकटू द्यायचा नाही, एवढ्या एकाच गोष्टीसाठी हिराबाई आता जगत होती. गावाला काही पत्ता नव्हता. राजेंद्रची मानसी आणि तेजल एका वर्गात, एका बाकावर. दोघींच्या वेण्यांना एकाच रंगाच्या रिबिनी. रतनबाईची नात आणि आपली नात एका ताटात जेवतात हे बघून हिराबाईला भरून यायचं.

पण भीती कुठं लपते? ढग दिसला की हिराबाई तेजलला घरात ओढायची, खिडक्या लावायची, टीव्हीची पिन काढायची, पोरीला गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायची. का, ते सांगायची नाही. पोर विचारायची, "आजी, तू का थरथरतेस?" चौथीत जाईपर्यंत तेजल आभाळ भरलं की शाळेत बाकाखाली बसायला लागली. बाईंनी समीक्षाला बोलावून सांगितलं. समीक्षा घरी येऊन चिडली, "आई, पोरीला तुम्ही काही सांगितलं नाहीत हे खरं, पण तिला सगळं शिकवलंत." हिराबाई खाली मान घालून लसूण सोलत राहिली.

मे महिन्यात शाळेसाठी चपला घ्यायला हिराबाई तेजलला घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेली. येताना फाट्यावर रिक्षातून उतरल्या आणि वळवानं गाठलंच. टपोरे थेंब, धुळीचा लोट. तेजल हात सोडवून राजेंद्रच्या टपरीच्या पत्र्याखाली पळाली, कारण तिथं मानसी बसली होती. हिराबाई मागोमाग. आत राजेंद्र, त्याची बायको अनिता, बाकड्यावर रतनबाई, आणि आडोशाला थांबलेली गावातली चार माणसं.

पहिला कडाका झाला. सगळ्यांनी वर पत्र्याकडं बघितलं, मग हळूच हिराबाईकडं. रतनबाईनं तर पदर तोंडावर धरला.

हिराबाई सवयीनं उठली आणि उठता उठता थबकली. तेजलचं काय करायचं? बरोबर न्यावं तर लोक विचारतील, पोरीला कशाला? मग सगळं उघडं पडणार. ठेवावं तर पोरगी आत, आणि वर पत्रा.

"तू बस मानसीपाशी," ती म्हणाली. "मी आले."

"मावशी, लांब जाऊ नका हां," राजेंद्र म्हणाला. पण सरकून जागा काही त्यानं केली नाही.

हिराबाई रस्त्यापलीकडं ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याशी जाऊन उकिडवी बसली. लुगडं भिजून अंगाला चिकटलं. तिथून टपरीतलं सगळं दिसत होतं. अनितानं पोरींपुढं भज्यांची ताटली ठेवली होती. तेजल भीतीनं मानसीला बिलगली होती, मानसी तिला भजं भरवत होती, आणि रतनबाई दोघींवरून हात फिरवत होती. हिराबाईला वाटलं, बसावं असंच. पावसानं मारलं तरी चालेल, ही पोरगी अशीच माणसात राहू दे.

तेवढ्यात डोळे दिपले. मागच्या डोंगरावर कुठंतरी पडली, पण आवाज असा झाला की टपरीतल्या बरण्या वाजल्या आणि दिवा गेला. अंधारल्या टपरीत पोरी किंचाळल्या. हिराबाईला टपरी दिसेना, रतनबाईही दिसेना. दिसला तो आंबा आणि त्याच्याखाली हनुमंत. मी भाईर हाय म्हणून वीज मला सोडून आत चाललीय, आत पोरगी हाय, पोरीबरोबर ही समदी जातील. तिला दुसरं काही सुचलंच नाही. ती उठली, रस्ता ओलांडून धावली, आणि तेजलचं मनगट धरून तिला ओढलं.

"चल भाईर! हितं नको थांबू! तुझ्यापायी या समद्यांवर पडंल!"

बोलली, आणि बोलून गेल्यावर तिला ऐकू आलं. हनुमंतचे शब्द. जवळजवळ जसेच्या तसे.

अनितानं विचारलं, "तिच्यापायी का पडंल, मावशी?"

तेजलनं आजीकडं वर बघितलं. आजीला गाव पायाळू म्हणतं एवढंच तिला ठाऊक होतं, अर्थ नव्हे. "आजी, मी पण पायाळू आहे?"

एक 'न्हाई' म्हणायचं होतं. नुसतं एक. म्हातारीला भ्रम झाला, असं म्हणून सगळे हसले असते आणि गोष्ट तिथंच संपली असती. हिराबाईनं तोंड उघडलं. पण ज्या बाईला आयुष्यात त्या गोष्टीबद्दल कुणाच्या तोंडावर खोटं बोलता आलं नव्हतं, तिला ते आत्ता कुठून येणार? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं फक्त, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

अनितानं मानसीचा हात धरून तिला आपल्याकडं ओढलं. जोरात नाही, बोलून नाही. मानसीच्या हातातलं अर्धं भजं खाली पडलं.

आजी-नात मोरीच्या कठड्याशी जाऊन बसल्या. वळीव तो, लगेच उघडला. वीज कुणावरही पडली नाही.

घरी गेल्यावर तेजलनं ओल्या अंगानंच आईला विचारलं, "मम्मी, पायाळू म्हणजे काय?" समीक्षानं टॉवेल घेतला, पोरीचे केस पुसले, तिला आत पाठवलं. मग सासूसमोर उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, आयुष्यभर ज्यांनी तुम्हाला पावसात बसवलं, त्यांचं काम आज तुम्ही केलंत."

हिराबाई म्हणाली, "माझ्या जिभेला आग लागो." तीन दिवस ती धड जेवली नाही. पण गेलेला शब्द काय उपाशी राहून परत येतो?

जूनमध्ये शाळा सुरू झाली. बाईंनी मुलांना बसवताना मानसी म्हणाली, "माझी मम्मी म्हणाली, तेजलशेजारी नको." तेजलनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. जणू तिला ठाऊकच होतं असं व्हायचं आहे, तशी तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि वेणीची रिबीन सोडून ठेवली. त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत एकटीच बसू लागली. मग मुलीच म्हणू लागल्या, ती घुमी आहे, आमच्यात येत नाही.

परतीच्या पावसाच्या दिवसांत एका सकाळी समीक्षा हॉटेलच्या ड्युटीला गेली होती, धम्मदीप कंपनीत. दारात राजेंद्र उभा. कंबरेवर हात, वाकलेला, तोंड कसनुसं.

"मावशी, लय भरलीय ओ. रात्रभर डोळा न्हाई."

हिराबाईनं गोधडी अंथरली, चहाचं आधण ठेवलं. तो कण्हत पालथा पडला. ती पाय उचलणार तेवढ्यात तो मान वळवून म्हणाला, "मावशी, राग मानू नका. तुमचा पाय आता म्हातारा झाला. पोरीचा लावला असता तर... कोवळा पाय लय गुणाचा असतो म्हनत्यात."

हिराबाई म्हणणारच होती, ऊठ, नीघ माझ्या घरातून. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. पण तेजल आधीच दारात आली होती, शाळेच्या गणवेशात. तिनं ते ऐकलं होतं. मानसीचे पप्पा, तिच्याकडं, तिच्या घरी, तिला मागायला आले होते. कित्येक दिवसांत त्या पोरीच्या तोंडावर असा उजेड पडला नव्हता. हिराबाईनं तो ओळखला. दत्तोबा अंगणात पालथा पडला होता तेव्हा तिच्या स्वतःच्या तोंडावर हाच होता.

तेजलनं बूट काढला, मोजा काढला. "आजी, कुठला पाय?"

हिराबाई भिंतीला टेकली. आतल्या आत तिचं काहीतरी मोडलं. पोरीचा तो उजेड मालवायचा तिला धीर होईना.

"डावा," ती म्हणाली.

तेजलनं पाय लावला. राजेंद्र उठला, कंबर इकडं तिकडं वळवली आणि मोठ्यानं हसला. "आयला, गेली की ओ मावशी! पोरगी तुमच्या वरताण हाय!" तेजल लाजली. धावत जाऊन तिनंच चहाचा कप आणला, बशीवर सांडू न देता, दोन्ही हातांनी धरून. त्यानं कप घेतला, फुंकर मारली, पहिला घोट घेतला.

तेव्हाच दूर राजमाचीच्या अंगाला आभाळ गुरगुरलं. अगदी बारीक.

राजेंद्रनं दाराबाहेर बघितलं. मग तेजलकडं. कप जमिनीवर ठेवला, "टपरीवर कुणी न्हाई," असं काहीतरी पुटपुटला, चपला पायात सरकवल्या आणि ताठ कंबरेनं भराभरा चालत गेला.

तेजल एक पाय उघडा, एका पायात बूट, अशी उंबऱ्यात उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "काकांनी चहा तसाच ठेवला."